सोळा मुलाखतींवर पीएच.डी. होते का?

वाचकाचं पत्र

मी ३२ वर्षांची. मानसशास्त्रात एम.ए. केलंय, सेट ही सहायक प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा झालेय, पुण्यातल्या दोन महाविद्यालयांत सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवते. पीएच.डी.ची नोंदणी होऊन दीड वर्ष झालं. विषय आहे, स्पर्धा परीक्षांची अनेक वर्षं तयारी करून ती सोडून दिलेल्या तरुणांचे अनुभव. सोळा जणांच्या सखोल मुलाखती ठरल्या आहेत, सहा झाल्या. मागच्या सल्लागार समितीत एक सर म्हणाले, "सोळा जणांवर पीएच.डी. कशी होईल? एखादी चाचणी लावा, दोनशे जण घ्या, एसपीएसएसवर आकडेमोड करा." माझ्या मार्गदर्शक मॅडम गप्प राहिल्या. सहकारी सांगतात की गुणात्मक, म्हणजे आकड्यांऐवजी लोकांच्या बोलण्यावर आधारलेलं, संशोधन करणाऱ्यांचे पेपर छापून येत नाहीत आणि नोकरीच्या मुलाखतीत त्यांना घेत नाहीत. माझा भाऊही सहा वर्षं एमपीएससी करून थांबला, म्हणून विषय सोडवत नाही. घरून रोज विचारणा असते, कायम नोकरी कधी? पद्धत बदलू, की सगळं सोडून समुपदेशनाकडे वळू?

— एक वाचक, धनकवडी

सल्ला

पद्धत बदलू नका. दोनशे जणांकडून प्रश्नावली भरून घेतली तर परीक्षा सोडलेल्यांमध्ये चिंता किती, मुलांत जास्त की मुलींत, हे कळेल. तो प्रश्न चांगला आहे, पण तुमचा नाही. 'मी आता अभ्यास करत नाही' हे माणूस घरी कसं सांगतो, किती महिने सांगतच नाही, सदाशिव पेठेतली भाड्याची कॉट सोडताना मित्रांना काय कारण देतो, हे तुम्हाला समजून घ्यायचंय. त्यासाठी तयार चाचणी नाही. उद्या कुणी ती बनवायची म्हटलं तर तिच्यातली विधानं तुमच्यासारख्यांच्या कामातूनच उचलावी लागतील.

पण त्या सरांचा राग धरू नका. 'सोळाच का?' हा रास्त प्रश्न आहे आणि त्याला आकड्यांत उत्तर देता येतं. सोळा मुलाखती, प्रत्येकी सरासरी ७५ मिनिटं, म्हणजे २० तासांचं ध्वनिमुद्रण. एका तासाचं मराठी बोलणं शब्दशः उतरवून, पुन्हा ऐकून तपासायला ५ ते ६ तास जातात. म्हणजे १०० ते १२० तास नुसतं उतरवण्याचे, आणि हाती येणारा मजकूर ४०० पानांच्या आसपास. समितीपुढे हा हिशेब मांडा. सोबत एका पानाचा तक्ता द्या: कोण राज्यसेवेचं, कोण यूपीएससीचं, मुख्य परीक्षेपर्यंत कोण पोचलं, पूर्वपरीक्षेतच कोण अडकलं, सोडून किती वर्षं झाली, मुली किती, गावी परतलेले किती आणि पुण्यातच राहून दुसरं काम धरलेले किती. नमुना छोटा आहे म्हणून जाणकार परीक्षक अडवत नाहीत. तो कसा आणि का निवडला हे प्रबंधात कुठेच नसलं की अडवतात.

आणखी एक सावधगिरी. 'बारा मुलाखती पुरतात' असं लिहून बरेच जण २००६ सालच्या एका अभ्यासाचा हवाला देतात. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन देशांमधल्या ६० स्त्रियांच्या मुलाखती तपासून त्या संशोधकांनी पाहिलं होतं की नवे कोड, म्हणजे बोलण्याच्या तुकड्यांना दिलेली नावं, यायचे कधी थांबतात, आणि बहुतेक कोड पहिल्या १२ मुलाखतींतच मिळाले होते. तिथे गट बऱ्यापैकी एकसारखा होता आणि सगळ्यांना ठरलेलेच प्रश्न विचारले होते. तुमचा गट विखुरलेला, मुलाखती मोकळ्या. तो आकडा ढाल म्हणून पुढे केलात तर पुढचा प्रश्न त्याच ढालीवर येईल.

गुणात्मक प्रबंध खरे अडकतात ते दुसऱ्याच जागी. आराखड्यात 'आयपीए, ग्राउंडेड थिअरी आणि थिमॅटिक ॲनॅलिसिस वापरून' असं एका ओळीत लिहिलेलं असतं. या विश्लेषणाच्या तीन वेगवेगळ्या पद्धती आहेत, आणि तिघींचेही नियम मोडलेले असतात. आयपीएमध्ये (इंटरप्रिटेटिव्ह फिनॉमेनॉलॉजिकल ॲनॅलिसिस) एकेका माणसाचा अनुभव खोलवर वाचायचा असतो. तिथे नमुना मुद्दाम लहान आणि एकसारखा ठेवतात, त्यामुळे सोळा जण उलट जास्त होतात. ग्राउंडेड थिअरीत विश्लेषण आणि मुलाखती हातात हात घालून चालतात. पुढचा माणूस कोण हे आधीच्या मुलाखतीतून ठरतं. सोळा नावं आधीच ठरवली असतील तर ती ग्राउंडेड थिअरी नव्हे. थिमॅटिक ॲनॅलिसिस म्हणजे कोडांमधून थीम, अर्थाची सूत्रं, शोधणं. तिचं ब्राउन आणि क्लार्क या दोघींचं २००६ सालचं सहा टप्प्यांचं रूप सगळ्यांना माहीत असतं, पण २०१९ पासून त्या आपल्या पद्धतीला 'रिफ्लेक्झिव्ह' म्हणतात हे अनेकांच्या वाचनातून सुटतं. या रूपात संशोधकाची जागा, त्याचे पूर्वग्रह, त्याचा अनुभव हा विश्लेषणाचाच भाग धरतात. तुमची नमुन्याची व्याप्ती आणि घरातलाच अनुभव बघता हीच पद्धत घ्या, आणि एकच घ्या. मग दोन कोडरांमधला 'कप्पा', म्हणजे दोघांचं कोडिंग किती जुळतं याचा आकडा, काढायच्या भानगडीत पडू नका. तो कोडबुकवर, म्हणजे ठरवून ठेवलेल्या कोडांच्या यादीवर, चालणाऱ्या पद्धतींना शोभतो. रिफ्लेक्झिव्ह म्हणायचं आणि कप्पा ०.८२ आला असंही लिहायचं, हे एकमेकांना खोडून काढतं.

"मग काम चोख आहे हे कळायचं कसं?" असं समिती विचारेलच. त्यासाठी निर्णयांची वही ठेवा, आजपासून. तारीख, काय ठरवलं, का ठरवलं, एवढे तीनच रकाने. 'मुलाखत ४ नंतर "किती वर्षं वाया गेली" हा प्रश्न काढला, कारण त्यात मीच "वाया" हा शब्द समोरच्याच्या तोंडात घालते.' अशा नोंदी दीडदोन वर्षं साठल्या की पद्धतीचं प्रकरण जवळजवळ लिहूनच होतं, आणि तोंडी परीक्षेत कुठलाही निर्णय तुम्हाला तारखेसह दाखवता येतो.

कोडिंग कुठे फसतं ते एका वाक्यावर बघू. समजा, एक मुलगा म्हणाला: "आई फोनवर विचारते, आता पेपर कधीये. मी म्हणतो, बघू, तारीख आली नाही अजून." घाईत याला 'कौटुंबिक दबाव' असा कोड दिला जातो. पण हे नाव पुस्तकातून आलेलं आहे, वाक्यातून नाही. पुन्हा वाचा. आई दबाव आणत नाहीये, ती साधी चौकशी करतेय. मुलगा खोटंही बोलत नाहीये. तारीख खरंच आलेली नाही, आणि त्या खऱ्या गोष्टीच्या आडोशाला तो उभा आहे. कोड लिहा: 'तारखेच्या आड लपणं', 'सोडलं हे न सांगता वेळ काढणं'. आता बाकीच्या मुलाखतींत असा आडोसा कुठे दिसतो ते शोधा: रखडलेली भरती, लांबलेला निकाल, न्यायालयात अडकलेली प्रक्रिया. हळूहळू असं दिसू शकतं की यंत्रणेची दिरंगाई या मुलांना छळते आणि झाकतेही. ही झाली थीम, कारण ती काहीतरी म्हणते. 'कुटुंब', 'आर्थिक स्थिती', 'समाज' ही प्रकरणांची शीर्षकं आहेत, थीम नव्हेत. प्रबंधात अशा शीर्षकांखाली उताऱ्यांची माळ लावलेली दिसली की परीक्षक लिहितात, 'विश्लेषण वर्णनाच्या पुढे गेलेलं नाही'.

कोडिंग मराठीतच करा. आधी सगळ्याचं इंग्रजी भाषांतर करून मग कोड लावले तर 'बघू' मधला टोलवाटोलवीचा सूर आधीच निघून गेलेला असतो. इंग्रजीत फक्त ते उतारे न्या जे प्रबंधात छापायचे आहेत, आणि परिशिष्टात त्यांचं मूळ मराठी द्या. उतरवताना युनिकोड देवनागरीतच टंकलेखन करा किंवा करून घ्या. बाहेरून डीटीपीवाल्याकडे दिलं आणि त्याने श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलं तर नंतर शोध चालत नाही, सॉफ्टवेअरमध्ये मजकुराच्या जागी खुणांचा गोंधळ दिसतो आणि ४०० पानं पुन्हा तपासत बसावी लागतात. कोडिंगच्या ॲटलास डॉट टीआय किंवा एनव्हिवो या सॉफ्टवेअरचा परवाना परवडत नसेल तर टॅगेट आणि क्वालकोडर फुकट मिळतात. सोळा मुलाखतींना ते पुरतात. मुलाखतीची ध्वनिफीत कुठल्याही मोफत ऑनलाइन सेवेवर चढवू नका. लोकांनी तुम्हाला संमती दिलीय, त्या कंपनीला नाही. बोलणं आपोआप उतरवणारं व्हिस्परसारखं साधन स्वतःच्या लॅपटॉपवर, इंटरनेटशिवाय चालतं. त्याचं मराठी कच्चं असतं, ग्रामीण बोलीत आणखी कच्चं, पण पहिला खर्डा मिळतो.

मुलाखतीची जागा जपून निवडा. एफसी रोडच्या कॅफेत मागचा मिक्सर मुद्रणात भरतो. अभ्यासिकेच्या पायऱ्यांवर ओळखीचे लोक येतात-जातात, आणि कॉट बेसिसवरच्या खोलीत बाकीचे तिघे कान देऊन बसलेले असतात. तुमच्या महाविद्यालयाची एखादी खोली लेखी परवानगीने घ्या, पंखा बंद करा, दोन उपकरणांवर मुद्रण करा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. नावं बदलून भागत नाही, हेही ध्यानात असू द्या. 'अमुक तालुक्यातून मुलाखतीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी' एवढ्यावरून अख्खी पेठ तिला ओळखते. तालुका काढा, वर्षं अंदाजे द्या, गरज पडली तर एकाच व्यक्तीचे दोन उतारे वेगवेगळ्या टोपणनावांनी द्या आणि तसं केल्याचं प्रबंधात सांगा.

संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिक समितीचं मंजुरीपत्र आहे ना? पत्रात तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही, म्हणून विचारतोय. सहा मुलाखती त्याआधीच झाल्या असतील तर उरलेल्या आज थांबवा आणि मार्गदर्शकांशी बोलून समितीला खरी परिस्थिती लिहून कळवा. मागील तारखेची मंजुरी कुठलीही नीट चालणारी समिती देत नाही, आणि चांगली नियतकालिकं मंजुरीचा क्रमांक मागतात. त्या अर्जात एक गोष्ट ठळक हवी: मुलाखत देणारा रडला, किंवा मरणाचे विचार बोलून दाखवले, तर तुम्ही काय करणार. तुमच्या विषयात हे घडू शकतं. मुद्रण थांबवायचं, तो मुलाखत तिथेच संपवू शकतो हे सांगायचं, थेट आणि शांतपणे विचारायचं की आत्ता सुरक्षित वाटतंय का, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आणि आधी बोलून ठेवलेल्या एका समुपदेशकाचं नाव कागदावर द्यायचं, दुसऱ्या दिवशी फोन करायचा. तत्काळ धोका दिसला तर गोपनीयता बाजूला ठेवावी लागते, आणि हे संमतीपत्रकात आधीच लिहिलेलं असायला हवं. तिथे तुम्ही संशोधक आहात, त्याच बैठकीत थेरपी सुरू करू नका.

भावाची मुलाखत घेऊ नका, त्याच्या जवळच्या मित्रांचीही नको. पण त्याची गोष्ट लपवूही नका. प्रत्येक मुलाखतीआधी अर्धं पान लिहा: आज मला काय ऐकायला मिळेल असं वाटतंय? नंतर तपासा की तुम्हाला तेच ऐकू आलं का. घरी जे पाहिलंय त्यामुळे 'सोडून दिल्यावर हायसं वाटलं' असं सांगणाऱ्याला तुम्ही नकळत दोनदा 'खरंच?' विचारलं असेल. झालेल्या सहा मुलाखती याच नजरेने पुन्हा ऐका.

आता नोकरीचं. गुणात्मक संशोधनाला कमी गुण देणारा कुठलाही नियम नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत सामाजिक शास्त्रांतल्या एका पेपरला १० गुण आहेत, पद्धत कुठलीही असो. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे ७. महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकपदाच्या छाननीसाठीचा तक्ता वेगळा आहे, तो नीट वाचा: पीएच.डी.ला २५, नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत जेआरएफ ही संशोधन फेलोशिपही मिळाली असेल तर १०, नुसत्या नेटला ८, सेटला ५, अध्यापनाच्या अनुभवाला वर्षाला २ आणि जास्तीत जास्त १०, पेपरला प्रत्येकी २ आणि जास्तीत जास्त ६. म्हणजे तीन पेपरनंतर या तक्त्यात चौथ्याला काही मिळत नाही. हे गुण मुलाखतीला बोलावण्यापुरतेच असतात, आणि जाहिरातीत वेगळे निकष छापले असतील तर तेच धरायचे. तरी यातून तुमच्या वेळेचं गणित स्पष्ट होतं: दहा सुमार पेपरांमागे धावू नका, तीन चांगले करा. एक मुख्य निष्कर्षांचा. एक मराठी मुलाखती इंग्रजीत मांडतानाच्या अडचणींवरचा. एक स्पर्धा परीक्षार्थींवरच्या आजवरच्या संशोधनाचा आढावा, जो तुम्ही आत्ता, मुलाखती चालू असतानाच लिहू शकता.

पेपर छापून येत नाहीत, हे अर्धसत्य आहे. चाळीस पानांचं प्रकरण तसंच्या तसं पाठवलं तर परत येतंच. एका पेपरात दोन, फार तर तीन थीम घ्या. पाठवण्याआधी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे गुणात्मक संशोधनाच्या मांडणीचे २०१८ चे निकष किंवा ३२ मुद्द्यांची कोरेक यादी समोर ठेवून काय राहिलंय ते बघा. रिफ्लेक्झिव्ह पद्धतीला कोरेकमधले सगळे मुद्दे लागू होत नाहीत. जो लागू नाही तो का नाही, हे संपादकांना एका ओळीत कळवा. 'सायकॉलॉजिकल स्टडीज', 'सायकॉलॉजी अँड डेव्हलपिंग सोसायटीज' यांचे अलीकडचे अंक चाळा म्हणजे उताऱ्यांना किती जागा देतात ते दिसेल. मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी आपल्या पुणे विद्यापीठातूनच सांभाळली जायची, पण ती बंद केल्याचं आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं. त्यामुळे 'केअर लिस्टेड, आठवड्यात प्रसिद्धी' असे व्हॉट्सॲपवर फिरणारे संदेश थेट पुसून टाका. गुणात्मक पेपर आठवडाभरात कुणी खरोखर तपासू शकत नाही.

नोकरीच्या मुलाखतीत अडतं ते वेगळ्याच कारणाने. महाविद्यालयात मानसशास्त्राच्या जागा मोजक्या, आणि सहायक प्राध्यापकाचा थेट अध्यापनाचा भार आठवड्याला १६ तास. त्यात संख्याशास्त्र, मानसशास्त्रीय चाचण्या, प्रयोगवही हे सगळं येतं. निवड समितीला धास्ती असते की ही व्यक्ती फक्त मुलाखतींबद्दलच बोलेल. म्हणून ॲनोव्हा, सहसंबंध, घटक विश्लेषण हे संख्याशास्त्र फळ्यावर शिकवता येईल इतकं पक्कं करा. जामोवी हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यावर सराव होतो. शिवाय नेटच्या मानसशास्त्राच्या पेपरात हे लागतंच. त्याच अभ्यासक्रमाच्या संशोधन पद्धतींच्या घटकात फिनॉमेनॉलॉजी, ग्राउंडेड थिअरी, कथनपद्धती, फोकस ग्रुप या गुणात्मक पद्धतीही नावानिशी आहेत. पुढच्या समितीत ते पान सोबत न्या.

सीएचबीच्या बाबतीत स्पष्ट सांगायला हवं. पदोन्नतीसाठी आधीची तात्पुरती सेवा धरायला रीतसर निवड समितीतून नेमणूक आणि नियमित शिक्षकाइतकं एकूण वेतन अशा अटी आहेत, आणि सीएचबीचं मानधन त्यात बसत नाही. छाननीत अनुभव म्हणून तो मांडता येतो, पण कागद लागतात: नेमणूकपत्र, विद्यापीठाची मान्यता, वेळापत्रक, मानधनाची नोंद. दर वर्षी जूनमध्ये आदल्या वर्षाचे कागद गोळा करा. पाच वर्षांनी प्राचार्य बदललेले असतात आणि फाइल सापडत नाही. दोन महाविद्यालयांच्या धावपळीत प्रबंध रखडत असेल तर एक सोडा. पाच वर्षांच्या अनुभवानंतर गुण वाढत नाहीत, पीएच.डी.चे २५ मात्र अजून यायचे आहेत. मुदत सहा वर्षांची आहे, पुनर्नोंदणीने दोन वाढतात आणि स्त्रियांना आणखी दोन. पण त्या भरवशावर राहू नका.

समुपदेशनाकडे वळायचं तर ते वेगळं प्रशिक्षण आहे आणि त्याला पर्यवेक्षणाखालच्या कामाची वर्षं लागतात. कंटाळून घ्यायचा निर्णय तो नव्हे. उत्पन्नाची सोय हवी असेल तर पुण्यातच तुमच्या कौशल्याला मागणी आहे. आयएलएस विधी महाविद्यालयाचं मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण केंद्र, 'प्रयास'चा आरोग्य गट अशा ठिकाणी मुलाखतींवर आधारलेलं संशोधन होतं. तिथल्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. हिंजवडीकडच्या कंपन्या वापरकर्त्यांच्या मुलाखती घेणारे लोक शोधतात. हा अनुभव अध्यापनात धरला जाणार नाही, एवढं मनात ठेवून घ्या.

मार्गदर्शक मॅडमना पुढच्या बैठकीच्या पंधरा दिवस आधी भेटा. त्यांच्या हातात चार पानं द्या: नमुन्याचा तक्ता, तासांचा हिशेब, एका उताऱ्याचं कोडिंग आणि निर्णयांच्या वहीतलं एक पान. मागच्या वेळी त्या गप्प का राहिल्या ते विचारा. गुणात्मक पद्धतीचा अनुभव कमी असेल तर सहमार्गदर्शक किंवा समितीत एक जाणकार सदस्य घेता येईल का, हेही त्यांच्याशीच बोला. त्यांना डावलून नको.

आणि नेट पुन्हा द्या. जेआरएफची वयोमर्यादा ३० असली तरी स्त्रियांना पाच वर्षांची सवलत आहे, म्हणजे तुमचा दरवाजा अजून उघडा आहे. पीएच.डी.ची नोंदणी आधीच झालेली असली तरी फेलोशिप घेता येते, महिना ३७,००० रुपये. ती मिळाली तर सीएचबी सुरू ठेवता येईल का, हे विद्यापीठाकडून आधी लेखी विचारून घ्या. बार्टी किंवा सारथी या राज्य सरकारच्या संस्थांच्या निकषांत बसत असाल तर त्यांच्याही फेलोशिपच्या जाहिराती पाहत राहा, दोन्हींची कार्यालयं पुण्यातच आहेत.